दिव्यांग विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती: कोल्हापुरात सुरुवात कुठून करायची

बाळासो आणि बाळासाहेब हे एकच नाव आहे, हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. संगणकाला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात. चंदगडकडची एक मुलगी आमच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली होती, एका पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव बाळासाहेब, आधारवर बाळासो. अर्ज परत आला, दुरुस्त करून पाठवला, पुन्हा परत आला. तिचे वडील शंभरावर किलोमीटर एसटीनं चार वेळा आले. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडत होती. पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती त्या मुलीला मिळालीच नाही. ती पात्र होती, टक्केवारी बसत होती, उत्पन्न बसत होतं. नाव तेवढं बसलं नाही.

मी बावीस वर्षं कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर काम केलं. दिव्यांग मुलांचे पैसे बुडाले ते योजना नाही म्हणून, असं फार क्वचित पाहिलं. बुडाले ते कागद उशिरा हातात आला म्हणून, किंवा एका कागदाचं दुसऱ्याशी जुळलं नाही म्हणून. त्यामुळं योजनांची नावं नंतर सांगतो. आधी कागदांची तयारी. बारावीची परीक्षा संपली की निकालाची वाट न बघता हे सुरू करा.

पहिलं काम: नाव एक करा

दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा आणि ती पाया धरा. तिच्यावर जसं नाव आहे, अगदी तसंच आधारवर हवं: वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, अक्षर न अक्षर. फरक असेल तर आधार केंद्रावर जाऊन आधी आधार दुरुस्त करून घ्या. मोबाइल नंबरही आधारला जोडलेला आणि चालू हवा, कारण पुढं प्रत्येक पायरीला ओटीपी येतो. नंबर शक्यतो विद्यार्थ्याचा स्वतःचा द्या. शेजारच्या दादाचा नंबर दिला आणि दादा पुण्याला गेला, असं होऊन मुलं अडकलेली आहेत.

क्रम उलटा करू नका. दिव्यांगत्वाचं कार्ड आधारवरूनच नाव उचलतं. आधी कार्ड काढलं आणि मग आधार बदललं, तर कार्ड पुन्हा दुरुस्तीला टाकावं लागतं.

दुसरं काम: यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं स्वावलंबन कार्ड

जुनं, हातानं लिहिलेलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र घरात असेल तर ते जपून ठेवा, पण आता त्याच्यावर भागत नाही. अर्ज स्वावलंबन कार्डच्या सरकारी पोर्टलवर करायचा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि असतील ते जुने उपचाराचे कागद अपलोड करायचे. अर्ज झाला की नोंदणी क्रमांक येतो, तो लिहून ठेवा. मग तपासणी. कोल्हापुरात बहुतेकांची तपासणी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये होते. तुमच्या प्रकारच्या दिव्यांगत्वाची तपासणी कोणत्या वारी असते, हे आधी विचारून मगच गावाहून निघा. हाडांचे, डोळ्यांचे, कानाचे, मनोविकाराचे डॉक्टर वेगवेगळे बसतात. गारगोटी किंवा शाहूवाडीहून येऊन रिकाम्या हातानं परत जाणं हे चालायला त्रास असलेल्या मुलाला किती महाग पडतं, हे वेगळं सांगायला नको.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. आधीच्या कायद्यात फक्त सातच होते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, अॅसिड हल्ल्यातले पीडित हे सगळे आता यात येतात. पुष्कळ पालकांना हे माहीतच नसतं. मुलगा चालतो, बोलतो, मग तो कसला दिव्यांग, असं म्हणून ते अर्जच करत नाहीत. हिमोफिलिया असलेल्या मुलाचा हक्क चाकाच्या खुर्चीतल्या मुलाइतकाच आहे.

प्रमाणपत्र हातात आलं की तीन गोष्टी तिथंच उभं राहून वाचा.

पहिली, टक्केवारी. शिष्यवृत्ती आणि राखीव जागा यांसाठी किमान ४० टक्के लागतात. ४० पेक्षा कमी असेल तर कार्ड पांढरं येतं, ४० ते ७९ ला पिवळं आणि ८० किंवा त्याहून जास्त असेल तर निळं. टक्केवारी चुकीची वाटत असेल तर ९० दिवसांत अपील करता येतं. गप्प बसू नका.

दुसरी, प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं. तात्पुरत्यावर मुदतीची तारीख असते. तीन वर्षांच्या पदवीच्या मध्येच ती संपली तर नूतनीकरणाचा अर्ज अडतो. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच फेरतपासणीला अर्ज टाका. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची तर अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि नेमकं तेच कॉलेज प्रवेशाचं वर्ष असतं.

तिसरी, पुन्हा नाव.

तिसरं काम: दाखले आणि बँक

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तो सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात काढता येतो. दाखल्यावर मुदत छापलेली असते, ती तपासा. गेल्या वर्षीचा दाखला जोडला म्हणून परत आलेले अर्ज मी दरवर्षी पाहिलेत. रहिवासी दाखला एकदाच काढला की झालं. जातीच्या प्रवर्गातले असाल तर जातीचा दाखला आणि लागत असेल तिथं वैधता प्रमाणपत्र. बारावीनंतर एखादं वर्ष घरी गेलं असेल तर खंड प्रमाणपत्र, ते स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करून मिळतं.

बँकेचं काम मात्र नीट समजून घ्या. शिष्यवृत्तीचे पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, ते आधारवर येतात. म्हणजे आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं गेलं, त्या बँकेत. तुम्ही अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहा. सहावीत असताना गणवेशाच्या पैशासाठी कुठल्या तरी बँकेत खातं उघडलेलं असतं, ते वापराविना बंद पडलेलं असतं, आणि आधार तिथंच जोडलेलं असतं. पैसे तिकडं जातात आणि परत फिरतात. विद्यार्थी बिचारा रोज नव्या खात्याचं पासबुक भरून घेत असतो. म्हणून आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे त्याची, स्थिती बघा. तिथं ज्या बँकेचं नाव दिसेल, ती खरी. बदलायची असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा. केवायसी आणि सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काउंटरवर स्पष्ट सांगा. गावच्या पतसंस्थेतलं खातं यासाठी उपयोगाचं नाही.

आता योजना: कोणती घ्यायची हे आकडे मांडून ठरवा

दोन दारं आहेत. एक केंद्राचं, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल. दुसरं राज्याचं, महाडीबीटी. एकाच वर्गासाठी दोन्हीकडून शिष्यवृत्ती घेता येत नाही, म्हणून निवड विचार करून करावी लागते. ही निवड मुलं मित्राचं बघून करतात आणि तिथं नुकसान होतं.

महाडीबीटीवर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची, शिष्यवृत्ती आहे. तिची मोठी गोष्ट म्हणजे तिला उत्पन्नाची अट नाही. ४० टक्के दिव्यांगत्व, महाराष्ट्राचा रहिवासी आणि मान्य अभ्यासक्रम, एवढं पुरतं. वडील शिक्षक आहेत म्हणून आपल्याला काही मिळणार नाही, असं समजून बसलेली घरं मला भेटतात. त्यांनी ही योजना बघावी. शिक्षण शुल्काची भरपाई मिळते आणि वर दरमहा निर्वाह भत्ता. भत्ता अभ्यासक्रमाच्या गटावर ठरतो. सर्वात वरच्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला १,२०० रुपये आणि घरून येणाऱ्याला ५५०, खालच्या गटांत तो कमी होत जातो. रक्कम आजच्या महागाईत तुटपुंजी आहे, हे मी उघड म्हणतो. पण शुल्क सुटतं ही मोठी बाजू. अंध विद्यार्थ्याला वाचक भत्ताही आहे.

केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनेत पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. भत्ते इथं बरे आहेत. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला वसतिगृहात राहणाऱ्याला दरमहा ९५० आणि घरून येणाऱ्याला ६५०. व्यावसायिक पदवीच्या सर्वात वरच्या गटात हेच १,६०० आणि ७५० होतात. पुस्तकांना वर्षाला १,५०० रुपये. शिवाय दिव्यांगत्व भत्ता वर्षाला २,००० रुपये, आणि अंध किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर ४,०००. परत न मिळणारं सक्तीचं शुल्क दीड लाखापर्यंत मिळतं. अडचण एकच, जागा मोजक्या आहेत. सगळ्या देशात मिळून १७,०००, आणि गुणांवर निवड होते. बी.ए.नंतर पुन्हा बी.कॉम. अशी त्याच पायरीवरची दुसरी पदवी धरली तर ती चालत नाही.

इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक अशा तांत्रिक शिक्षणाला जाणार असाल तर एआयसीटीईची, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेची, सक्षम योजना आधी बघा. अर्ज त्याच केंद्राच्या पोर्टलवर. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक. वर्षाला ५०,००० रुपये एकरकमी, चार वर्षांच्या पदवीला चारही वर्षं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनाही तीन वर्षं मिळते. माझ्या मते पॉलिटेक्निकच्या मुलासाठी यासारखी दुसरी योजना नाही, कारण शुल्क तिथं तुलनेनं कमी असतं आणि उरलेल्या पैशात लॅपटॉप, रिक्षा, औषध सगळं निघतं. आणि नेमकी हीच योजना आपल्याकडच्या मुलांना सर्वात कमी ठाऊक असते.

आयआयटी, एनआयटी अशा अधिसूचित संस्थेत प्रवेश मिळाला तर केंद्राची टॉप क्लास योजना आहे. तिथं उत्पन्नमर्यादा आठ लाख, आणि शुल्क, भत्ता, पुस्तकं, एकदाच संगणकासाठी ३०,००० असं सगळं धरलेलं आहे. जागा देशभरात फक्त ३००. पीएच.डी.ला जाणाऱ्यांसाठी दिव्यांगांची राष्ट्रीय फेलोशिप वेगळी आहे.

मुलगी असेल तर आणखी एक. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. तेव्हा दिव्यांग मुलीनं शुल्कासाठी कोणता मार्ग धरायचा, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बसून ठरवावं. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांनीही आपल्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती आणि दिव्यांगांची शिष्यवृत्ती शेजारी शेजारी मांडून बघावी. खोली भाड्यानं घेऊन राहणाऱ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिच्यात दिव्यांगांना गुणांची अट सैल आहे. त्याची चौकशी विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात करता येते.

एक वही घ्या, दोन रकाने आखा, वर्षाचा आकडा काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पदवीची तीनही वर्षं त्याच्यावर अवलंबून असतात.

अर्ज भरल्यावर काम संपत नाही

केंद्राच्या पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी असते, तिला ओटीआर म्हणतात. त्यात मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून आधारची पडताळणी होते. अंध विद्यार्थ्याला आणि मान स्थिर ठेवता न येणाऱ्या मुलाला हे जड जातं. चांगल्या उजेडात, मागं कोरी भिंत ठेवून, सोबत माणूस घेऊन करा. आमच्याकडं सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा होता. सायबर कॅफेत तीनदा पडताळणी फसली. शेवटी त्याच्या आईनं त्याला घरी, दुपारी, अंगणात खुर्चीवर बसवलं, मागून दोन्ही हातांनी डोकं अलगद धरलं आणि स्वतःचे हात चौकटीबाहेर ठेवले. पहिल्याच वेळी झालं.

अर्ज पाठवला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, मग जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या. कॉलेजनं तो पुढं ढकललाच नाही तर तुमचा अर्ज तिथंच मुदत संपेपर्यंत पडून राहतो. म्हणून अर्जाची प्रिंट आणि कागदांच्या झेरॉक्स घेऊन आठवड्याच्या आत शिष्यवृत्तीच्या टेबलावर जा. सगळ्या कागदांवर स्वतःची सही करा. पोच मागा. संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे आणि आमचं ते कामच आहे. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघा. परत पाठवला असेल, म्हणजे आपल्या भाषेत सेंट बॅक आला असेल, तर खाली कारण लिहिलेलं असतं. नीट वाचून तेवढंच दुरुस्त करा.

तारखा दरवर्षी बदलतात. साधारणपणे पोर्टल पावसाळ्यात उघडतात. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर चालत नाही, हे गृहीत धरून गणपतीच्या आत अर्ज भरून मोकळं व्हा.

प्रवेशाच्या वेळी हेही लक्षात ठेवा: सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी कायद्यानं राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे. प्रवेश अर्जात दिव्यांग असल्याची खूण केली नाही तर नंतर ती जागा मागता येत नाही. काही मुलं लाजून ती खूण करत नाहीत. मुलांनो, ती खूण करा.

पहिले सहा महिने

शिष्यवृत्ती जूनमध्ये येत नाही. कधी फेब्रुवारीत येते, कधी वर्ष संपल्यावर. तोवर बसपास, मेस, वह्या कशावर? हा प्रश्न कुठल्याच जाहिरातीत नसतो, पण खेड्यातून येणारा मुलगा पहिल्या सत्रात कॉलेज सोडतो तो याच कारणानं. म्हणून हातात लवकर पडणाऱ्या छोट्या गोष्टींची जुळवाजुळव करा.

प्राचार्यांना लेखी अर्ज द्या की शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे, शुल्काला हप्ते द्या. सोबत अर्जाची प्रिंट जोडा. तोंडी विनंती विसरली जाते, लेखी अर्ज फायलीत राहतो.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद या सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गावच्या ग्रामपंचायतीला साधा अर्ज लिहा: मी अमुक कॉलेजात शिकतो, यूडीआयडी जोडलं आहे, दिव्यांग निधीतून शैक्षणिक मदत मिळावी. रक्कम गावागणिक वेगळी असते, कुठं दोन हजार, कुठं त्याहून जास्त. पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेत दिव्यांगांच्या योजनांची चौकशी त्याच फेरीत करून घ्या.

घरची परिस्थिती फारच बेताची असेल आणि वय १८ पूर्ण असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. दिव्यांगांसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा ५०,००० आहे. दिव्यांग लाभार्थ्यांचं मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. शिकत असलो म्हणून ते मिळत नाही, असा गैरसमज आहे, तो काढून टाका.

एसटीत ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के. कागलहून किंवा पन्हाळ्याहून रोज ये-जा करणाऱ्याचा महिन्याचा हिशेब यानं बदलतो. श्रवणयंत्र, तीनचाकी, कॅलिपर, ब्रेल साहित्य यांसाठी केंद्राची एडीआयपी योजना आहे. महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साहित्य मोफत आणि ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. हे वाटप बहुतेक वेळा शिबिरांतून होतं, तेव्हा तालुक्याला शिबिर लागलं की नाव घाला.

राहायचं काय? हे शहर बोर्डिंगांचं शहर आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकात उभं राहिलं तर आजही ती आजूबाजूला दिसतात. शिवाजी विद्यापीठात शिकायला येणार असाल तर वसतिगृहाच्या अर्जातच तळमजल्याची खोली मागा. कमवा आणि शिका योजनेची चौकशीही त्याच वेळी करा. अस्थिव्यंग मुलामुलींसाठी उचगावच्या हेल्पर्स ऑफ दि हॅंडिकॅप्डचा आधार मोठा आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ही संस्था कोल्हापुरात सुरू केली, आणि त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवरून हे काम करत आल्या. कर्जाची वेळ आलीच तर राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळात आधी विचारा, मग बँकेत.

परीक्षेचं पैशाशी नातं नाही असं वाटेल, पण आहे. नापास झालात तर त्याच वर्गासाठी शिष्यवृत्ती पुन्हा मिळत नाही. त्यामुळं लेखनिक हवा असेल किंवा तासाला २० मिनिटं जादा वेळ हवा असेल तर सत्र सुरू होतानाच परीक्षा विभागाकडं अर्ज द्या. पेपरच्या आदल्या दिवशी लेखनिक शोधत फिरणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे निकालही.

चंदगडच्या त्या मुलीनं दुसऱ्या वर्षी जुलैतच सगळं जुळवून आणलं. आधार दुरुस्त, यूडीआयडी दुरुस्त, बँक सीडिंगची प्रिंट. एका पिशवीत प्लास्टिकचं फोल्डर, त्यात पाच मूळ कागद आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. मार्चमध्ये पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, तेव्हा ती मोबाइल घेऊन टेबलापर्यंत आली आणि म्हणाली, "सर, बाबांचं नाव बरोबर आलंय बघा." रक्कम तिनं नंतर वाचली.